उघड्यावरची पहिली रात्र

“झोपायला घर नाही का आपल्याला? पैसे देऊन उघड्यावर पडायला कशाला जायचं?”

माझ्या सासूबाईंनी असा रोखठोक सवाल केला आणि आम्ही नवरा-बायको एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. विषय होता भंडारदऱ्याला तंबूत एक रात्र मुक्काम करण्याचा. ह्यांच्या कार्यालयातील दोन कुटुंबे जाऊन आली होती, पण त्यांची मुले शाळेत जाणारी. आमचा थोरला साडेतीन वर्षांचा आणि धाकटीला नुकती दोन वर्षे पूर्ण झालेली. एवढ्या लहान लेकरांना रानात झोपवायचे म्हणून माझ्याही पोटात गोळा आला होताच. पण आत्याबाईंच्या विरोधाचे कारण निराळे होते.

आत्याबाई मूळच्या बीड जिल्ह्यातल्या. १९७२ च्या दुष्काळात त्या पाझर तलावाच्या कामावर होत्या. काम गावापासून लांब, रोज जाणे-येणे शक्य नव्हते. मग कामाच्या जागेजवळच चार काठ्या रोवायच्या, वर जुने लुगडे नाहीतर पोते टाकायचे आणि त्याखाली संसार मांडायचा. माझे थोरले दीर तेव्हा वर्षाचेही नव्हते. दिवसभर बाभळीला बांधलेल्या झोळीत आणि रात्री आईच्या कुशीत, नुसत्या भुईवर. कामावर सुकडी मिळे, त्यातली थोडी पाण्यात कालवून त्या बाळाला भरवीत. “तिथं होते तोवर एक रात्र धड झोपले नाही,” असे त्या सांगतात. “साप येईल, पाऊस येईल, लांडगा येईल. लेकराच्या छातीवर हात ठेवून बसायचं.”

भगिनींनो, अशी एक आई, अशी एक आजी आपल्यापैकी अनेक घरांत असेल. ऊसतोडीच्या कोपीत, वीटभट्टीवर, रस्त्याच्या कडेला ज्यांनी रात्री काढल्या, त्यांना तंबूची हौस कशी पटावी? म्हणून मी वाद घातला नाही. दोन दिवसांनी त्यांनाच विचारले, “आत्याबाई, लेकरांना बाहेर झोपवायचं तर काय काय बघावं लागतं? आम्हाला तर काहीच ठाऊक नाही.” त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, “तुमच्या भरवशावर लेकरं सोडायची नाहीत. मी येते.”

पहिली तालीम आम्ही घरीच केली. शनिवारी रात्री गच्चीवर चादर बांधून तंबूसारखे केले आणि सगळे तिथे झोपलो. गच्चीला कठडा उंच आहे, शिवाय जिन्याचे दार लावून घेतले होते. या एका रात्रीने आम्हाला फार शिकवले. थोरला अंथरुणावर पडताच म्हणाला, “पंखा कुठंय?” पंख्याच्या आवाजाशिवाय तो कधी झोपलाच नव्हता. त्याला अंधाराची भीती वाटली नाही, शांततेची वाटली. धाकटीने घरातलीच गोधडी मागितली, नवे पांघरूण अंगावर घेईना. आणि पहाटे आम्हाला कळले की अंगावर दोन पांघरुणे असूनही पाठ गार पडते, कारण थंडी खालून येते. वर जेवढे घालाल त्याहून अधिक खाली अंथरायला हवे. ताडपत्री, तिच्यावर सतरंजी, तिच्यावर जाड गोधडी, असा क्रम त्या रात्री ठरला. गच्चीवर काही कमी पडले तर जिना उतरून घर गाठता येते. रानात ते येत नाही. म्हणून ज्यांना लहान मुलांसह जायचे आहे त्यांनी ही तालीम चुकवू नये.

जागाही जवळचीच निवडली. आम्ही नाशिकला राहतो. नाशिकहून घोटीमार्गे भंडारदरा सुमारे सत्तर किलोमीटर. एखाद्या मुलाला ताप आला, रडे आवरेना, तर रात्रीच्या रात्री परत फिरता आले पाहिजे, हा हिशेब. ऋतूही विचार करून ठरवला. मेच्या शेवटी आणि जूनच्या सुरुवातीला तिकडे काजवे पाहायला झुंबड उडते, पण तेच दिवस वळवाच्या पावसाचे आणि वादळवाऱ्याचे. तान्ह्या-दोडक्यांना घेऊन त्या गर्दीत जाण्यात अर्थ नाही. आम्ही फेब्रुवारीत गेलो. आभाळ मोकळे, जमीन कोरडी, थंडी आहे पण जीव घेणारी नाही.

भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. प्रवरा नदी रतनगडावर उगम पावते, तिचे पाणी इथे अडवले आहे. आजूबाजूला सह्याद्रीच्या रांगा, आणि राज्यातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटरचे, तेही याच परिसरात. मोठ्या माणसाला हे सगळे डोळे भरून पाहावेसे वाटते. लहान मुलांचे तसे नसते. आमच्या धाकटीने ना डोंगर पाहिला ना पाणी. तंबूच्या दाराची चेन वर करायची, खाली करायची, पुन्हा वर, यात तिचा पाऊण तास गेला. थोरला बॅटरीचा उजेड तंबूच्या कापडावर पाडून हाताच्या सावल्या बघत बसला. इतका खर्च करून आणले आणि हे चेनशी खेळताहेत, असे मला क्षणभर वाटले. मग वाटले, हीच तर त्यांची सहल आहे. त्यांना घाई करणारे आपण कोण?

तंबू मात्र आम्हाला हलवावा लागला. तंबू लावून देणाऱ्या तरुणाने तो अगदी पाण्याजवळ, उतरणीच्या तळाशी लावला होता. दिसायला सुंदर जागा. आत्याबाई उभ्या राहिल्या, इकडे तिकडे पाहिले, पायाने माती उकरली आणि म्हणाल्या, “ही पाण्याची वाट आहे. इथं पाल ठोकत नसतात.” तो म्हणाला, “आजी, आता कुठला पाऊस?” त्या म्हणाल्या, “पाऊस नसला तरी गारवा खालीच उतरतो.” आणि ते खरेच आहे. रात्री थंड हवा जड होऊन सखल जागी साचते, दवही तिथेच अधिक पडते. त्या मुलाने काही कुरकुर न करता तंबू वीस-पंचवीस पावले वर, सपाट जागी नेऊन लावला. लावण्याआधी आत्याबाईंनी तिथले दगड काठीने उलटवून पाहिले आणि वर झाडाची वाळलेली फांदी नाही ना, हेही पाहून घेतले. तंबू पाण्यापासून लांब गेला याचा मला दुसरा आनंद झाला. घराबाहेर लहान मुलाला सर्वांत मोठा धोका सापाचा नसतो, पाण्याचा असतो. लहान मूल वीतभर पाण्यातही बुडू शकते, आणि बुडताना ते ओरडत नाही. म्हणून आम्ही एक नियम केला. एका वेळी एकाच मोठ्या माणसाकडे मुलांची राखण, आणि ती तोंडाने सांगून दुसऱ्याकडे द्यायची. “आता तुमच्याकडे,” म्हटल्याशिवाय जागचे हलायचे नाही. सगळ्यांचे लक्ष आहे म्हणता म्हणता कोणाचेच नसते, हे आपण लग्नकार्यात नेहमी पाहतो.

संध्याकाळी शेकोटी पेटली. शेजारच्या तंबूतल्या मंडळींनी मोठ्या प्रेमाने फुटाणे-शेंगदाणे आणून मुलांच्या ओंजळीत घातले. मी ते हसत काढून घेतले. चार-पाच वर्षांखालील मुलांना अख्खे दाणे-फुटाणे देऊ नयेत. ते श्वासनलिकेत अडकतात, आणि अंधारात हसत-पळत खाताना तर हमखास. आमचे जेवण साधे होते. मुगाच्या डाळीची मऊ खिचडी तिथेच शिजवली, वर घरचे तूप. सकाळसाठी नाचणीचे सत्त्व आणि केळी. पहिल्या मुक्कामात मुलांच्या पोटाला नवीन काही दाखवू नये. पिण्याचे पाणी घरून उकळून नेले होते. जुलाब लागलेच तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रत्येक आईला पाठ हवे. आम्ही ओआरएसची पाकिटेही घेतली होती.

आणि मग रात्री नऊच्या सुमारास आमच्यात खरा वाद झाला.

गारठा वाढू लागला तेव्हा आत्याबाईंनी शेकोटीतले निखारे एका घमेल्यात भरून घेतले. “हे आत ठेवा लेकरांच्या पायाशी. ऊब राहील,” म्हणाल्या. मी म्हटले, “आत्याबाई, निखारे आत नकोत.” त्यांना ते लागले. “आम्ही पोरं अशीच जगवली. तुम्ही आता मला शिकवणार?” जागेच्या बाबतीत त्यांचे सगळे ऐकणारी मी, इथे अडून बसले. ह्यांनी मध्यस्थी करायचा प्रयत्न केला, पण हा प्रश्न मध्यस्थीचा नव्हता.

बंद जागेत कोळसा किंवा निखारे ठेवले की कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो जागेही करत नाही. तो रक्तात भिनतो आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद काढून घेतो. डोके दुखते, मळमळते, पण झोपेत हे कळणार कोणाला? लहान मुलांवर त्याचा परिणाम लवकर होतो. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, असे मुळीच नाही. मी आत्याबाईंना एवढेच म्हटले, “तुमच्या पालाला चारी बाजू मोकळ्या होत्या. वारा आरपार जायचा. हा तंबू नायलॉनचा, चेन लावली की डबी बंद केल्यासारखा. निखारे तेच आहेत, घर बदललंय.” त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग घमेले उचलून बाहेर नेले, निखाऱ्यांवर पाणी ओतले आणि राख काठीने ढवळून पाहिली. वडीलधाऱ्यांचा अनुभव मोलाचा असतो. पण तो ज्या परिस्थितीत मिळाला ती बदलली की त्यातले काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हे आपल्याला विचारपूर्वक ठरवावे लागते, आणि तेही त्यांचा मान राखून.

मग ऊब कशी आणायची? झोपण्याआधी मुलांचे सगळे कपडे बदलले, पायमोजेसुद्धा. दिवसभर खेळून घामेजलेले कपडे रात्री अंगावर बर्फासारखे होतात. अंगाला सुती, त्यावर स्वेटर, कानटोपी, कोरडे पायमोजे. पाण्याच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत कोमट पाणी भरून, ती फडक्यात गुंडाळून पायांच्या जागी आधी ठेवली आणि मुलांना निजवताना काढून घेतली. तोंडावरून पांघरूण मात्र घ्यायचे नाही. तंबूच्या वरची हवेची खिडकी थोडी उघडी ठेवायची. चार-पाच माणसांच्या श्वासाची वाफ कापडाला आतून धरते आणि पहाटे टपटप गळते, म्हणूनही ती उघडी हवी. ज्यांचे बाळ वर्षाच्या आतले आहे त्यांनी थंडीत ही हौस करू नये असे माझे मत आहे. इतक्या लहान बाळाजवळ सैल गोधड्या-उशा ठेवणेच धोक्याचे, आणि त्यांच्याशिवाय तंबूत ऊब राहत नाही.

रात्री दोनच्या सुमारास धाकटी दचकून उठली आणि रडू लागली. बाहेर टिटवी ओरडत होती. त्या रडण्याने थोरलाही जागा झाला. शेजारच्या तंबूतून एका बाईंचा आवाज आला, “अगं, टिटवी ओरडतेय, चांगलं नाही ते. गप्प कर पोरीला, नाहीतर सांग बागुलबुवा येईल म्हणून.” मैत्रिणींनो, आपण किती सहज मुलांच्या मनात भीती पेरतो! मुलाला जन्मतः ना टिटवी अशुभ असते ना अंधारात कोणी बसलेले असते. ते आधी आपल्या आईचा चेहरा बघते. तो घाबरलेला असेल तर रात्र भयाण, तो शांत असेल तर रात्र नुसती रात्र. मी बॅटरी लावली, ती कापडाकडे वळवली म्हणजे डोळ्यांवर उजेड येऊ नये, आणि हळू आवाजात सांगितले, “तो पक्षी आहे. टिटवी तिचं नाव. ती झाडावर राहत नाही. उघड्या जमिनीवर खड्यांत अंडी घालते. कोणी जवळ आलं की ओरडून सगळ्यांना सांगते.”

तोवर गप्प पडून असलेल्या आत्याबाई अंधारात म्हणाल्या, “ती पण लेकरं घेऊन भुईवरच आहे की. निजायची नाही ती.”

थोरल्याने विचारले, “तिला तंबू नाही?”

“नाही रे बाळा,” आत्याबाई म्हणाल्या, “तिला कुणाचा तंबू?” आणि मग त्यांनी त्याला आपल्या कुशीत घेतले आणि खडी, झोळी, बाभळ आणि त्याच्या मोठ्या काकांची गोष्ट सांगितली. साडेतीन वर्षांच्या मुलाला त्यातले किती कळले कोण जाणे. पण मी प्रथमच ती गोष्ट त्यांच्या तोंडून गोष्टीसारखी ऐकली. एरवी ती नेहमी तक्रारीसारखी येत असे. गोष्ट अर्ध्यावर असताना थोरला झोपला. धाकटी माझ्या अंगावर आधीच झोपली होती.

सकाळी मी उठले तेव्हा उजाडले होते. आत्याबाई घरात पाचला उठतात. लग्न होऊन आल्यापासून त्यांना सूर्योदयानंतर अंथरुणात मी पाहिलेले नाही. त्या दिवशी सात वाजून गेले तरी त्या झोपलेल्या होत्या. एक हात थोरल्याच्या छातीवर. जाग आली तशा गडबडून उठल्या आणि ओशाळून म्हणाल्या, “झोप लागली गं मला.”

मला त्यांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिथे मिळाले. उघड्यावर पडणे वेगळे आणि उघड्यावर झोपणे वेगळे. पडणाऱ्याला जायला घर नसते. झोपणाऱ्याचे घर मागे असते, पोट भरलेले असते, अंगावर कोरडे कपडे असतात आणि उद्या सकाळी परत जायचे असते. आपल्या मुलांना आभाळाखाली झोपण्याचा आनंद मिळतो तो या सगळ्याच्या जोरावर. आणि हे सगळे कोणीतरी कष्टाने उभे केलेले असते. मुलांना हे आज कळणार नाही. पण आपण विसरू नये.

आता जाणाऱ्यांसाठी थोडे अधिक. तंबूची चेन आत-बाहेर करताना प्रत्येक वेळी लगेच बंद करा. हे नुसत्या डासांसाठी नाही. आपल्याकडच्या चार मुख्य विषारी सापांपैकी मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचा दंश फारसा दुखतही नाही, म्हणून कळत नाही. बंद तंबूत ती येऊ शकत नाही. चपला-बूट सकाळी झटकून घाला. अंधारात सरपण गोळा करायला जाऊ नका. साप किंवा विंचू चावलाच तर कापणे, चोखणे, करकचून बांधणे, मांत्रिकाकडे नेणे यांत एक मिनिटही घालवू नका. मुलाला शांत ठेवा, कमी हलवा आणि सरळ रुग्णालय गाठा. लाल विंचवाच्या दंशाने लहान मुले दगावत असत. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला आणि असंख्य जीव वाचले. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. उपचार आहे, पण तो रुग्णालयात आहे, हे लक्षात ठेवा. राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा मोफत आहे. तरीही निघण्यापूर्वी जवळचे सरकारी रुग्णालय कुठे आहे आणि तिथे सर्पदंशावरची लस आहे का, हे फोन करून विचारून घ्या. मुक्कामाच्या जागी मोबाईल लागतो का, तेही विचारा.

मुलांचे शी-शूचे नेहमीचे भांडे सोबत न्या. परक्या जागी मुले अडून बसतात आणि मग पोट दुखते. वापरलेले डायपर पिशवीत बांधून घरी आणा. ते पाण्यात किंवा झुडपात टाकू नका. भंडारदऱ्याचे पाणी खाली प्रवरेच्या काठच्या गावांत जाते, तिथेही कोणाची तरी लेकरे ते पितात.

आणि पहिल्यांदा एकच रात्र करा. दोन नको. मुले आनंदात असतानाच घरी परता. आम्ही तसेच परतलो. घरी येताच धाकटीने दिवाणावरच्या उशीच्या अभ्र्याची चेन शोधून काढली आणि वर-खाली करत बसली. आत्याबाई सामान आवरताना ह्यांना म्हणाल्या, “पुढच्या खेपेला घमेलं नका घेऊ. पण गोधडी अजून एक घ्या. खालून गारठा येतोय.”